लिबेरो कसा घडवावा: सेर्जिन्योची कारकीर्द आणि इंदूरचं मातीचं मैदान

2009 च्या व्हॉलीबॉल वर्ल्ड लीगमध्ये स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून ब्राझीलच्या सेर्जियो दुत्रा सांतोसचं नाव जाहीर झालं. हा मान मिळवणारा तो पहिला लिबेरो, म्हणजे वेगळ्या रंगाच्या जर्सीत फक्त मागे राहून सर्व्हिस आणि स्मॅश उचलणारा खेळाडू. लिबेरोला सर्व्हिस करता येत नाही, ब्लॉकला जाता येत नाही, नेटच्या वरच्या बॉलवर स्मॅश मारता येत नाही. तरीही सगळ्यात मोठा तो ठरला, कारण ब्राझीलचा प्रत्येक चांगला हल्ला त्याच्या हातावरून सुरू होत होता.

जगभर त्याला सेर्जिन्यो म्हणतात. उंची 1.84 मीटर, जर्सी 10 नंबरची. 2002 आणि 2006 चं विश्वविजेतेपद त्याने बर्नार्दिन्यो या प्रशिक्षकाच्या हाताखाली मिळवलं. 2004 ला अथेन्समध्ये सुवर्ण, 2008 ला बीजिंग आणि 2012 ला लंडनमध्ये रौप्य, 2016 ला रिओमध्ये पुन्हा सुवर्ण: सलग चार ऑलिंपिकच्या चार फायनल. लंडननंतर तो राष्ट्रीय संघापासून दूर झाला होता, रिओआधी परत आला. तेव्हा वय 40, आणि पुरुषांच्या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच. चाळिशीत उडी कमी होते, वेग कमी होतो. नजर आणि पाय ठेवण्याची अक्कल कमी होत नाही. लिबेरो शिकवायचा तो याच दोन गोष्टींवर.

इंदुरात आपल्याकडे नेमकं उलटं होतं. संघातला जो सगळ्यात बुटका, ज्याचा स्मॅश बसत नाही, त्याला वेगळ्या रंगाची जर्सी देतात आणि "तू मागे सांभाळ" म्हणतात. ब्राझीलच्या महिला संघाची फाबी 1.69 मीटरची होती आणि तिने 2008 आणि 2012 अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं घेतली, हे खरं. पण तिची निवड उंची कमी म्हणून झाली नव्हती, पास चांगला म्हणून झाली होती. निवड करताना दहा-बारा मुलांना प्रत्येकी 20 सर्व्हिस घ्यायला लावा आणि बॉलकडे बघू नका. सर्व्हिस करणाऱ्याचा हात बॉलला लागण्याआधी कोणाचे पाय हलायला तयार आहेत, तेवढंच टिपा. ते पोर तुमचा लिबेरो. बाकीचं शिकवता येतं.

आधी मैदान

माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये भेगाळते. लिबेरोचे पाय दर सर्व्हिसला आडवे सरकतात, त्यामुळे बोटभर रुंद भेगही घोटा मुरगळायला पुरते. काळ्या मातीवर नुसता मुरूम पसरून उपयोग नाही, पहिल्याच पावसात तो खाली जातो. कोर्ट 18 बाय 9 मीटर आणि चारही बाजूंना तीन-तीन मीटर मोकळी जागा, म्हणजे 24 बाय 15 मीटर. तेवढ्या जागेतली वरची साधारण 30 सेंटीमीटर काळी माती काढा. खाली खडीचा थर, त्यावर दाबून 15 सेंटीमीटर मुरूम आणि सगळ्यात वर चाळलेल्या पिवळ्या मातीचा पाच सेंटीमीटरचा थर. मुरूम दाबल्यावर 54 घनमीटर भरतो, म्हणून सैल मुरूम निदान सव्वापट मागवा. मधून दोन्ही बाजूंना हलका उतार द्या, मीटरमागे एक सेंटीमीटर पुरे.

एवढा खर्च झेपत नसेल तर निदान भेगा बुजवा. वाळूने बुजवू नका, वाळूवरून बूट घसरतो. तीच माती चाळून कोरडी भरायची, झाडूने आत लोटायची, पाणी शिंपडायचं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे रोलर फिरवायचा.

कोर्टाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवा. पूर्व-पश्चिम ठेवलीत तर सकाळी सात वाजता अर्ध्या संघाच्या डोळ्यांवर ऊन येतं, आणि ऊन आलं की लिबेरो मान खाली घालतो. ती मान नंतर सावलीतही खालीच राहते. उन्हाळ्यात सराव साडेपाच ते सात, किंवा सूर्य मावळल्यावर. शब-ए-माळवा म्हणतात तो गारवा मे महिन्यातही रात्री आठनंतर जाणवतो, त्याचा फायदा घ्या. दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी. पोहे-जलेबी सराव संपल्यावर, आधी नाही. भरल्या पोटी खाली बसून खेळता येत नाही.

बॉलमधली हवाही तपासा. घेर 65 ते 67 सेंटीमीटर, वजन 260 ते 280 ग्रॅम, दाब 0.30 ते 0.325 किलो प्रति चौरस सेंटीमीटर. सायकलच्या पंपाने टणक भरलेला बॉल हातावरून दगडासारखा उडतो. मुलाला वाटतं आपला हात चुकला आणि तो विनाकारण हात बदलत बसतो.

हात कुठे लागतो

सेर्जिन्योच्या सामन्यांचे व्हिडिओ लावाल तेव्हा आवाज बंद करा आणि फक्त त्याचे दोन हात बघा. बॉल यायच्या आधी हात सुटे असतात. ते जोडले जातात शेवटच्या क्षणी, आणि जोडल्यावर जवळपास हलत नाहीत. आपली मुलं सर्व्हिस सुटताच हात जोडतात आणि जोडलेल्या हातांनी पळतात. हात बांधून कोणी नीट धावू शकत नाही, म्हणून त्यांना दोन पावलं कमी पडतात.

पकड अशी: एका तळव्यात दुसरा तळवा, दोन्ही अंगठे शेजारी-शेजारी, सरळ, जमिनीकडे दाबलेले. अंगठे दाबले की मनगटं खाली वळतात आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा आतला भाग सपाट होतो. बॉल लागायचा तो मनगटाच्या वर पाच ते दहा सेंटीमीटरवर, दोन्ही हातांना एकाच वेळी. कोपर ताठ, खांदे थोडे पुढे आणि आत.

बॉल कुठे लागतो हे मुलाला सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. एक जुना बॉल घ्या, रांगोळीआधी अंगण सारवायला वापरतो तो गेरू पाण्यात कालवून त्यावर फडक्याने लावा आणि तीन मीटरवरून दहा बॉल हळू टाका. मग मुलाला हात बघायला सांगा. दोन्ही हातांवर सारखे, मनगटाच्या वर शिक्के दिसले तर ठीक. एकाच हातावर डाग असेल तर तो बॉलच्या मध्यात पोचत नाही, पाय कमी पडतायत. अंगठ्यावर आणि मुठीवर लाल असेल तर हात उशिरा येतायत किंवा कोपर वाकतंय. कोपराजवळ डाग असेल तर तो बॉलच्या फार जवळ उभा आहे. दहा बॉलांत चूक सापडते, आणि मुलाला ती स्वतःच्या कातडीवर दिसते. गेरू साबणाने निघतो, पण जुना बनियन घालूनच हा सराव घ्या.

दिशा हाताच्या हेलकाव्याने द्यायची नाही. उजवीकडे सेटर (हल्लेखोराला बॉल उचलून देणारा) असेल आणि बॉल डावीकडून येत असेल तर उजवा खांदा खाली करा, जोडलेल्या हातांचं फळकूट सेटरकडे तोंड करेल. शूटिंग व्हॉलीबॉल खेळून आलेल्या मुलांना हे सगळ्यात जड जातं, कारण तिथे जोडलेले हात जोराने मारायचे असतात. त्यांच्याबाबतीत पहिले दोन आठवडे एकच अट ठेवा: बॉल लागल्यावर हात छातीच्या वर गेले तर तो पास मोजायचा नाही. वेगाने आलेल्या बॉलला आपण वेग द्यायची गरजच नसते. तो जिरवायचा असतो.

सर्व्हिस घेणं

उडी मारून केलेली जोरदार जंप सर्व्हिस ताशी 110 किलोमीटरच्या आसपास येते, म्हणजे हातातून सुटल्यापासून लिबेरोपर्यंत जेमतेम अर्धा सेकंद. साठच्या वेगाची, न फिरता येणारी फ्लोट सर्व्हिस सुमारे एक सेकंद घेते. अर्ध्या सेकंदात बघायचं, ठरवायचं, धावायचं आणि थांबायचं ही चारही कामं होत नाहीत. म्हणून पहिली दोन कामं बॉल सुटायच्या आधी उरकावी लागतात, आणि इथेच साधा लिबेरो आणि सेर्जिन्यो वेगळे पडतात.

काय बघायचं? आधी बॉल कसा उडवला जातो ते. उंच आणि पुढे उडवला तर फिरकीची जंप सर्व्हिस. डोक्याच्या थोडा वर, हाताजवळ उडवला तर फ्लोट. मग धावण्याची रेघ आणि खांदा: खांदा ज्या दिशेला उघडतो तिकडेच बहुतेक बॉल जातो, ऐनवेळी मनगट फार तर मीटर-दीड मीटरचा फरक करतं. मनगट दुमडलं तर बॉल फिरत येतो आणि लवकर खाली बसतो. तळहात ताठ राहून लागताच थांबला तर बॉल न फिरता येतो, हवा त्याच्या शिवणींवरून सारखी वाहत नाही, आणि तो शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये डुलतो किंवा एकदम बसतो.

फ्लोटसाठी नेटपासून सहा ते साडेसहा मीटरवर उभं राहा, जंप सर्व्हिससाठी सात ते साडेसात. सर्व्हिस करणाऱ्याचा हात बॉलला लागतो त्याच क्षणी दोन्ही पाय एक छोटीशी उडी घेऊन खांद्यापेक्षा थोडे रुंद टेकवायचे, टाचा जमिनीला जेमतेम लागतील इतपत. या उडीने पाय जागे होतात. उडी लवकर झाली तर पाय पुन्हा झोपतात, उशिरा झाली तर पहिलं पाऊल वाया जातं. हे शिकवायला बॉलही लागत नाही: पलीकडून कोणी नुसता हात फिरवून सर्व्हिसचा आव आणायचा आणि लिबेरोने बरोबर त्या वेळी उडी टेकवायची. रोज 30 वेळा, दोन आठवडे.

पास नेमका कुठे हवा? उजव्या बाजूच्या रेषेपासून तीन मीटर आत, नेटपासून मीटरभर मागे, नेटच्या पट्टीपेक्षा दीडेक मीटर वर जाऊन खाली येणारा. पोर्तुगीजमध्ये याला "पासी ना माँव" म्हणतात, हातात दिलेला पास. पण जोरदार जंप सर्व्हिसवर हा हट्ट धरू नका. तेव्हा हल्ल्याच्या रेषेच्या (नेटपासून तीन मीटरवरच्या) मधोमध उंच बॉल मिळाला तरी पुरे. नेटच्या पलीकडे गेलेला पास समोरच्याला फुकटचा पॉइंट देतो, तर मीटर-दोन मीटर मागे राहिलेल्या पासवर सेटर काहीतरी करतो. म्हणून चूक व्हायचीच असेल तर आखूड होऊ द्या, लांब नको. मेअखेर पश्चिमेचा वारा सुटला की उत्तर-दक्षिण कोर्टावर तो आडवा लागतो. त्या दिवसांत पास आणखी अर्धा मीटर आत ठेवा आणि कमी उंच द्या.

छातीच्या वर येणारी फ्लोट बोटांनी घ्यायला शिकवा. पहिल्या स्पर्शात, एकाच हालचालीत बॉल दोनदा लागला तरी चालतो. पकडून फेकला मात्र चालत नाही. पंचांशी हुज्जत होते ती या फरकावरूनच, म्हणून संघाच्या कप्तानाला नियम पाठ हवा.

तीन जण सर्व्हिस घेत असतील तर नऊ मीटरचे तीन-तीन मीटर करू नका. लिबेरोला चार द्या, बाकी दोघांना अडीच-अडीच. खरा घोटाळा दोघांच्या मधल्या फटीत होतो: दोघं बघत राहतात आणि बॉल मधे पडतो. आधीच ठरवा: फटीत आखूड आलेला बॉल शेजारच्याचा, लांब आलेला लिबेरोचा. एक पुढे जातो, एक मागून जातो, धडक होत नाही. हाकही एकच ठेवा. इंदूरच्या संघात निम्मी मुलं घरी मराठी, मैदानावर हिंदी बोलतात. कोणी "माझा" ओरडतो, कोणी "मेरी". "मेरी" आणि "जाने दो" ठरवा किंवा "माझा" आणि "सोड" ठरवा, पण दोन्ही नको. हाक बॉल नेट ओलांडायच्या आधी आली पाहिजे.

मोजणी ठेवा. सेटरला सगळे हल्लेखोर वापरता आले तर 3, मधला सोडून बाकी वापरता आले तर 2, नुसता उंच बॉल देता आला तर 1, पॉइंट गेला तर 0. समजा 30 सर्व्हिसमध्ये 12 वेळा तीन, 10 वेळा दोन, 6 वेळा एक आणि 2 वेळा शून्य मिळालं: 36 अधिक 20 अधिक 6, म्हणजे 62, भागिले 30, म्हणजे 2.07. गल्लीतल्या स्पर्धेसाठी दोनच्या वर उत्तम. फ्लोट आणि जंप सर्व्हिसचे आकडे वेगवेगळ्या पानांवर लिहा, नाहीतर एकाने दुसरा झाकला जातो.

स्मॅश उचलणं

लिबेरो बहुतेक वेळा पाच नंबरवर, मागे डावीकडे उभा राहतो, कारण समोरच्याच्या चार नंबरवरून, म्हणजे त्यांच्या पुढच्या डाव्या टोकावरून, येणारे तिरपे स्मॅश तिथे येतात. नजरेचा क्रम ठरलेला असतो: समोरचा पास कसा पडला, सेटरचे हात कुठे वळले, हल्लेखोर कोणत्या कोनातून धावतोय, आपला ब्लॉक कोणती बाजू झाकतोय. ब्लॉकच्या सावलीत उभं राहून काही उपयोग नाही. जिथे ब्लॉक नाही तिथे उभं राहा. हात सुटे, गुडघ्यांसमोर, तळवे वर. स्मॅश मारणाऱ्याचा हात मागे गेला की पाय थांबलेच पाहिजेत. चालत्या पायांनी घेतलेला स्मॅश गॅलरीत जातो.

लंडनची फायनल मुलांना जरूर दाखवा. ब्राझील पहिले दोन सेट 25-19, 25-20 जिंकला आणि तिसऱ्यात सामना संपवायला दोन मॅच पॉइंटही मिळाले. पण त्याच सेटमध्ये रशियाच्या प्रशिक्षकाने 2.18 मीटर उंचीच्या दिमित्री मुसेर्स्कीला मधून काढून उजव्या टोकाला हल्ल्याला लावलं. त्याने 31 पॉइंट काढले आणि रशिया 29-27, 25-22, 15-9 ने जिंकला. मारणारा बदलला की लिबेरोची जागाही बदलली पाहिजे, कारण जास्त उंचीवरून आलेला बॉल ब्लॉकच्या वरून येतो आणि खोल पडतो. तुमच्या समोरच्या संघाने सेटच्या मधे उंच मुलगा टोकाला नेला, तर पुढच्याच सर्व्हिसआधी लिबेरोने अर्धा ते एक मीटर मागे सरकायचं आणि बाकीच्यांनाही सरकवायचं. हे तोंडाने सांगणं लिबेरोचंच काम आहे, त्याला मागून सगळं कोर्ट दिसतं.

बॉलसाठी छातीवर-पोटावर घेतलेल्या झेपेला ब्राझीलमध्ये "पेशिन्यू" म्हणतात, छोटा मासा. मुरमावर ती कधीही शिकवू नका, हनुवटी फाटते. ओळखीच्या आखाड्यातल्या उस्तादांना विचारा; कुस्तीची मऊ, तेल-हळद-ताक मिसळलेली माती याला फार चांगली. बूट काढून, आखाड्याचा मान राखून उतरायचं. आधी गुडघ्यांवर बसून पुढे झुकायचं, हात टेकवायचे, कोपर दुमडत छाती, मग पोट, मग मांड्या जमिनीवर आणायच्या; हनुवटी वर, गुडघे दुमडून पाय वर. आठ-दहा दिवस गुडघ्यांवरूनच. मग उकिडवं बसून. मग चालत दोन पावलं टाकून. छाती टेकायच्या आधी गुडघा टेकत असेल तर मुलगा घाबरतोय, एक पायरी मागे जा.

कमरेची काळजी वेगळी. लिबेरो दिवसभर अर्धा बसलेला असतो, वजन कमरेवर घेतलं तर वर्षभरात दुखणं मागे लागतं. वजन मांड्यांनी घ्यायला शिकवा. बैठका 15 च्या तीन खेपा, दिवसाआड, आणि कोपरांवर शरीर ताठ धरून 30 सेकंदांच्या चार खेपा.

नियमांतल्या खाचा

लिबेरोची अदलाबदल साध्या बदलीत मोजली जात नाही आणि कितीही वेळा करता येते, पण दोन अदलाबदलींच्या मधे एक पूर्ण रॅली व्हावी लागते. बाहेर येऊन लगेच दुसऱ्यासाठी आत गेला की चूक. आत-बाहेर जायचं ते आपल्या बाकाच्या बाजूने, हल्ल्याची रेषा आणि मागची रेषा यांच्या मधून, सर्व्हिसची शिटी होण्याआधी. स्थानिक स्पर्धांमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट जातात ते लिबेरो बहुधा ज्याच्या जागी उतरतो त्या मधल्या ब्लॉकरच्या सर्व्हिसच्या वेळी: त्याची पाळी आली की लिबेरो बाहेर आलाच पाहिजे, आणि आपण सर्व्हिस गमावली की पुन्हा आत. सरावातही हे शिटी वाजवून करून घ्या.

दुसरी खाच सेटिंगची. पहिला बॉल सेटरनेच उचलला तर दुसरा लिबेरो देतो. हल्ल्याच्या रेषेच्या पुढे उभं राहून त्याने बोटांनी सेट दिला आणि साथीदाराने तो नेटच्या वरून मारला, तर चूक. रेषेच्या मागून उडी मारून हवेत सेट दिला आणि पुढे उतरला, तर चालतं. अंडरहँडने, म्हणजे जोडलेल्या हातांनी, दिला तर कुठूनही चालतं. पेठेत मिळणाऱ्या सुतळीने नेटखालून मागे तीन मीटर मोजून, तिथे ती नेटला समांतर ताणून रेषा उठावदार करा आणि लिबेरोकडून रोज 20 सेट घ्या: दहा रेषेमागून उडी मारून, दहा पुढे अंडरहँडने. डाव्या टोकाच्या हल्लेखोराला बॉल नेटपासून मीटरभर आत, अँटेनाच्या (नेटच्या कडेच्या उभ्या काठीच्या) थोडा अलीकडे मिळाला की तो मोजायचा.